सवतीची मांजर

शनिवार, ९ जानेवारी १९५४

केवलचंद शेठच्या पेढीवरून दरवर्षी त्यांच्या कापसाच्या जिनातल्या माणसांना एकेक डायरी मिळते. यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तू फायनल पास आहेस, काहीतरी लिहीत जा." आठ दिवस कोरीच पडली होती. आज लिहितेय, कारण आज माझ्या अंगाचा तिळपापड झालाय आणि या घरात ते कोणाला सांगायची सोय नाही.

कारण काय, तर मांजर! भुरीचा पुढचा पाय सुजलाय. बोक्याशी भांडली असणार. हे संध्याकाळी जिनातून आले, डोक्यावरचा कापूस झटकला नाही, पाणी प्यायले नाहीत, सरळ तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. "बघू बघू, पाय बघू गं बाई." गेल्या महिन्यात मला ताप होता तेव्हा उंबऱ्यातूनच विचारलं होतं, "बरं आहे ना?" आणि गेले काट्यावर कापूस तोलायला.

भुरी इंदिराबाईंची. इंदिराबाई म्हणजे यांची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तिने हे पिल्लू वातीने दूध पाजून वाढवलं, असं सासूबाई आठवड्यातून तीनदा ऐकवतात. मी दुसरी. गेल्या वैशाखात शिरपूरहून या पाचव्या गल्लीत आले. लग्नात मंगळसूत्राच्या आधी गळ्यात तिचा टाक पडला. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. आमच्यात दुसरेपणाच्या बायकोने तो मरेपर्यंत घालायचा. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. आई म्हणायची, सवत पिठाची केली तरी डोळे वटारते. ही तर चांदीची आहे. चालता-वाकता मंगळसूत्राच्या वाट्यांवर आपटून किणकिण करत असते. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना त्या किणकिणीवरून कळतं मी चुलीपाशी आहे की कोठीपाशी.

मंगळसूत्रही तिच्या मागून. बाकीचं तर बोलायलाच नको.

सोमवार, ११ जानेवारी

सासूबाई म्हणत होत्या, हळद-चुना बांध. मी म्हटलं, नाही, गुरांच्या दवाखान्यात नेते. खरं लिहायचं तर भुरीच्या पायाची मला एवढी पडली नव्हती. यांना दिसावं, की मीसुद्धा करते. एवढंच होतं पोटात.

तिला गोणपाटाच्या पिशवीत घातली आणि टांग्याने गेले. आवारात बैल आडवा पाडून त्याला डाग देत होते, तो हंबरत होता. एक घोडं खूर आपटत होतं. डॉक्टर मला बघून हसले. "मांजर? बाई, दहा वर्षांत पहिलंच." मग ड्रेसर होते हिलालभाऊ, मिशाळ, शांत माणूस, त्यांनी सांगितलं, छातीशी घट्ट धरा, डोकं हनुवटीखाली दाबा. मी धरली. गळू फोडलं, पू काढला, आयोडीन ओतलं, वर सुई. बाई बाई, काय किंचाळली! जितकी झटके मारी तितका तो टाक वाट्यांवर वाजे, अगदी तिच्या कानाशी. मी मनात म्हटलं, वाज, वाज, तुझीच आहे ना ही, तूच समजूत घाल.

माझ्या दोन्ही दंडांवर ओरखडे आहेत. यांनी आल्याबरोबर विचारलं, "भुरी कुठे?"

मंगळवार, १२ जानेवारी

भुरी धान्याच्या कोठीमागे शिरलीय ती बाहेर येत नाही. दूध ठेवलं, तसंच. भाकरी दुधात कुस्करून ठेवली, तशीच. मी जवळ गेले की फिस्कारते आणि आणखी आत सरकते. हिलालभाऊंनी एकाआड एक दिवस पट्टी बदलायला सांगितलीय. कशी बदलू? कप्पाळ!

मानेला टाकाच्या दोऱ्याने पुरळ उठलंय. खाजवत होते तर सासूबाई न बघताच म्हणाल्या, "खाज येस का मानले? खोबरेल लाव. पहिलं वरीस येस, मंग मान आपोआप मरस." सासूबाईंना बसल्या जागी सगळं कसं कळतं कोण जाणे.

गुरुवार, १४ जानेवारी, संक्रांत

यांनी माझ्यासाठी चंद्रकळा आणली. काळीभोर, लाल काठाची. माझी पहिली संक्रांत. घडी मोडायला हात घातला तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "आधी तिले दाखाड!" मग टाकाला दाखवली, हळद-कुंकू वाहिलं, तिळगूळ ठेवला. म्हणजे पहिली संक्रांतसुद्धा तिची. तिची उतरलेली नेसून मी बायकांना वाण वाटलं. समोरच्या मारवाडी मोहनबाई म्हणाल्या, "काळा रंग थांनै घणो सोवै." सासूबाई लगेच म्हणाल्या, "इंदिरालेबी शोभे."

संध्याकाळी हे कोठीपुढे पालथे पडले आणि हात आत घालून भुरीला बोटावरची साय चाटवली. चार बोटं साय खाल्ली तिने. मी चार दिवस वाट्या मांडतेय तिथे! मी हळूच जवळ गेले, वाकले, तर ही बया यांच्या हाताला चावून आत पळाली. हे माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं बोलण्याहून वाईट.

सासूबाईंनी मात्र बोलून टाकलं. "मांजर नही रुसनी. इंदिरा रुसनी तुन्हावर. तिनी वस्तूले हात लावा तू." आणि मग यांच्यादेखत म्हणाल्या, की भुरी मेली किंवा घर सोडून गेली तर समजायचं, इंदिराने तुला घरात घेतलं नाही. मग टाक घाल नाहीतर सोन्याने मढव.

म्हणजे आता सगळा न्याय एका मांजरीच्या हातात. ती गेली तर या घरात मी जन्मभर बाहेरची. आणि ती तर वाळत चाललीय, पाठीचे मणके मोजून घ्यावेत.

शुक्रवार, १५ जानेवारी

आज मी फार मोठा गाढवपणा केला.

विचार केला, नजर लागली असणार. मोहनबाई रोज ओट्यावरून म्हणायची, काय गुबगुबीत मांजर आहे हो तुमची. अशा लोकांच्या पोटात जळतं, डोळ्यांतून बाहेर येतं. सात लाल मिरच्या, मोहरी, मीठ आणि उंबऱ्यातली माती घेतली, कोठीभोवती सात वेळा ओवाळली आणि तिथेच शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकली. म्हटलं, जिथे दुखणं तिथेच जाळावं.

अहो, काय ठसका! घरभर धूर. सासूबाई खोकून खोकून ओट्यावर जाऊन बसल्या. भुरी तीन पायांवर बाणासारखी सुटली, फडताळावरून धाब्याच्या झरोक्यातून वर. दिवसभर धाब्यावर उन्हात बसली होती, पट्टी अर्धी सुटून लोंबत होती. हे आले, शिडी लावली, तिला पोटाशी धरून खाली आणली. तोंडातून एवढंच, "शेवंता, अगं मांजर आहे ते."

आठ महिन्यांत नावाने पहिल्यांदा हाक मारली, तीही अशा पायी.

रविवार, १७ जानेवारी

काल दुपारी पायी गुरांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर नव्हते, बरं झालं. हिलालभाऊ घोड्याचा पाय धूत होते. सगळं सांगितलं, मिरच्यांसकट. हसले नाहीत. म्हणाले, "ताई, जनावर भ्यालं म्हणजे त्याच्या मागे लागू नये. तिच्याकडे टक लावून बघू नका. उचलू नका. ज्या पिशवीतून आणलीत ती दूर टाका, तिला दवाखान्याचा वास आहे. जुनं फडकं अंथरा. तिच्याकडे पाठ करून आपलं काम करत बसा. येईल."

मी विचारलं, "बाकीच्यांकडे जाते हो. माझ्याच वाऱ्याला उभी राहत नाही."

ते म्हणाले, "सुई टोचताना जे कानावर पडलं ते ती धरून बसली असेल. तो आवाज आला की तिला पुन्हा टोचतं."

मी रस्ताभर आठवत आले. सुई टोचताना मी बोलत होते, "उगी, उगी, झालं हं." म्हणजे माझा आवाज! माझ्या आवाजाला ती भिते. बरं बाई. आजपासून घरात तोंड उघडणार नाही. गोणपाटाची पिशवी मोरीपलीकडे फेकून दिली.

सोमवार, १८ जानेवारी

दिवसभर एक शब्द बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "काय व, दातखिळी बसनी का?" मी मान हलवली. त्यांना दिसली नाही.

भुरीकडे पाठ करून ताक घुसळत बसले. ती हलली नाही. ताक संपलं, उठले मात्र, फिस्स!

मंगळवार, १९ जानेवारी

हे संध्याकाळी केळीच्या पानात बांधून शेवंतीची फुलं घेऊन आले. पिवळीधमक. माझ्यापुढे धरली आणि उभे राहिले. मी काय समजायचं ते समजले. भिंतीवर इंदिराबाईंचा फोटो आहे, त्याला हार नाही म्हणून आणलीत. मी बोलत तर नव्हतेच. फुलं घेतली, दोऱ्यात ओवली, फोटोला घातली, वर नमस्कारही केला. घ्या म्हणावं, तुमच्या मनासारखं.

हे म्हणाले, "अगं, ती..." मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले. जेवायला दोनदा खुणेने बोलवावं लागलं. मेलेल्या बायकोच्या आठवणीने माणसाचं एवढं मन भरून येतं तर दुसरी करावी कशाला?

भुरी आज यांच्या मांडीवर बसून अर्धी वाटी दूध प्यायली. नंतर सासूबाईंच्या पायाशी लवंडली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत कोठीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. दिसत नाही म्हणे!

पट्टी मात्र तशीच आहे. जखमेला वास येऊ लागलाय. हे घरी असतात तेव्हा दिवा लावायची वेळ, आणि यांच्याने ती जखम बघवत नाही. सासूबाईंना दिसत नाही. करायची तर मलाच, आणि माझ्या हाताला ती येत नाही. पाय सडला तर कापावा लागेल असं हिलालभाऊ म्हणाले होते. मी स्वयंपाक करताना रडले. आवाज न करता.

गुरुवार, २१ जानेवारी

आज दळताना टाकाचा दोरा तुटला. जात्याच्या खुंट्यात अडकला आणि तट्कन गेला. टाक पिठात पडला. सासूबाई ओट्यावर होत्या. उचलला, पुसला, कोनाड्यात ठेवला आणि म्हटलं, दळण संपवते, मग नवीन दोरा ओवते.

दळत होते. थोड्या वेळाने पायाच्या अंगठ्याला काहीतरी मऊ लागलं. बघते तर भुरी! माझ्या पायाला तोंड घासत होती. मी श्वास धरून बसले. ती पिठाचा वास घेत जात्याला वळसा घालून आली आणि माझ्या लुगड्याच्या घोळात बसली. माझ्या! मी हात लावला, तिने लावू दिला. घुर्र घुर्र करायला लागली. मी विसरून मोठ्याने म्हटलं, "आलीस होय गं सटवे?" तरी हलली नाही.

म्हणजे आवाज माझा नव्हता.

तिला तशीच घेऊन उठले आणि कोनाड्यातला टाक उचलून मंगळसूत्राला लावला. किण. तिने नखं काढली, उडी मारली, कोठीमागे. टाक परत ठेवला, कोनाड्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने ती आली. पुन्हा उचलला. किण. पुन्हा कोठीमागे. बिचारीला तिसऱ्यांदा त्रास दिला नाही.

मी पिठाच्या हातांनी तोंड दाबून हसले, इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. इंदिराबाई, तुम्हालाच भिते हो ती! वातीने दूध पाजलंत, आणि तुमचं नाव वाजलं की पळते. चार दिवस मी तोंड शिवून बसले, दहा दिवस माझं रक्त आटलं, आणि चोर माझ्या गळ्यात! लिहायला लाज वाटते, पण मला इतकं गार वाटलं. लग्नानंतर एवढं गार कधी वाटलं नव्हतं.

पट्टी बदलली. पाय धुतला, आयोडीन लावलं. ती ओरडली, पण माझ्या मांडीतच ओरडली.

टाक अजून कोनाड्यात आहे. दोरा मिळत नाही असं स्वतःला सांगितलं. घरात दोऱ्याचं अख्खं रीळ आहे.

शनिवार, २३ जानेवारी

दोन दिवस पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून फिरतेय. हे बघतात. भुरी माझ्या मागे मागे असते, तेही बघतात. सासूबाईंना मी कुठे आहे ते कळेनासं झालंय. काल मी त्यांच्या शेजारीच होते तर मला हाका मारत होत्या. त्या ओळखणार. आज ना उद्या ओळखणार.

आज भुरी पूर्ण वाटी दूध प्यायली, वर अर्धी भाकरी. जखम सुकतेय.

रविवार, २४ जानेवारी

आज जिनाला सुट्टी होती. दुपारी हे जेवत होते, मी वाढत होते, भुरी माझ्या पायात. सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "टाक कथा शे?"

मी खोटं बोलणार होते. दोरा तुटला, ओवते, असं जिभेवर आलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "आत्या, तो वाजला की भुरी मरणाची भिते. दवाखान्यात तिच्या कानाशी वाजत होता. काढला तशी खायला लागली. मी आता तो घालणार नाही."

"मांजरसाठे?"

"मांजरीसाठी." मग म्हटलं, "आणि माझ्यासाठीही. देव्हाऱ्यात ठेवते. रोज हळद-कुंकू लावीन, सणाला नैवेद्य दाखवीन. इंदिराबाईंचं काही कमी करणार नाही. पण गळ्यात नाही."

वरण ताटाबाहेर सांडलं. यांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, "आई, असू दे. मला नको आहे तो तिच्या गळ्यात. पहिल्या दिवसापासून नको होता." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पहिल्या दिवसापासून? मग आठ महिने तोंडात काय धरून बसला होतात?

सासूबाई उठल्या. मला वाटलं आता ताट भिरकावतात. त्या भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, मूठ बंद होती. माझा हात चाचपडून धरला आणि त्यात काहीतरी ठेवलं.

टाक होता. पण त्यावर बाई नव्हती. अंगाला घासून घासून तिचं नाक, डोळे, हात, सगळं गेलेलं. नुसता गुळगुळीत पत्रा, कडेला एक भोक.

"मन्हा शे," सासूबाई म्हणाल्या. "बत्तीस वरीस गयामा व्हता."

मी यांच्याकडे बघितलं. यांचा घास हातातच होता. यांनाही माहीत नव्हतं. आई दुसरेपणाची हे पोराला ठाऊक असेलच, पण पेटीत हे जपून ठेवलंय हे नसावं.

मी विचारलं, "कधी काढलात?"

"सासरा गया तुन्हा, त्या रोज. मंगळसूत्र काढं, तवय हाईबी काढं." माझ्या हातातल्या टाकावरून त्यांनी अंगठा फिरवला. "ताप ये, खाज ये, बाळतपनमा छातीले टोचे. एकदाव म्हनी बी पाह्यं सासूले, काढू का म्हनीसन. तिनी चिमटा लाल कया."

त्यांनी मानेवरचा पदर बाजूला केला. कानाखाली एक जुना पांढरा डाग होता. आजवर मी तो चुलीचा चटका समजत होते.

भुरी उठून त्यांच्या पायाला अंग घासायला गेली, त्यांनी पायाने हळूच दूर केली. माझ्या हातातून आपला टाक परत घेतला आणि म्हणाल्या, "तू नको घालू. पन माले सांगू नको, इतलं सोपं व्हतं."

आणि ताटावर परत बसल्या नाहीत.

बुधवार, २७ जानेवारी

भुरीची पट्टी सुटली. आज बोक्याच्या मागे धाब्यावर गेली. काल मोहनबाई ओट्यावरून म्हणाली, गुबगुबीत झाली हो परत, मी मुद्दाम तिला आत बोलावून चहा दिला. हे रोज मला नावाने हाक मारतात, जरा जास्तच मारतात, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

हे सगळं मला हवं होतं ते मिळालं. तरी घरात एक गोष्ट नीट नाही. सासूबाई बोलतात, जेवतात, भांडी आपटली की ओरडतात, सगळं पहिल्यासारखं. पण मी जवळून गेले की त्या कान देतात. काही वाजत नाही. मग मान वळवून माझ्या गळ्याच्या दिशेने बघत राहतात. डोळ्यांना दिसत नाही तरी बघतात. आज तव्यावर भाकरी टाकताना माझी नजर त्यांच्या तोंडाकडे गेली आणि हात थांबला. ते तोंड मला ओळखीचं होतं. इंदिराबाईंच्या फोटोसमोर उभी राहून मी आठ महिने असंच जळत बघत होते, काचेत माझं तोंड असंच दिसायचं.

भाकरी जळली. त्या म्हणाल्या, "वास येस व." मी म्हटलं, "हो आत्या, उलटते."